पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच : टिंबाच्या फाइली उडवण्याआधी

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही उलटं समजलो असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. शाळेच्या लॅबमधला जुना पीसी, त्यावर लिनक्स मिंट १९.३, एक्सएफसीई डेस्कटॉप, ३२-बिट. ‘लॅब’ नावाचं एकच खातं, सगळे तेच वापरतात. सोमवारपासून पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा तीच लॉगिनची खिडकी समोर येते. शनिवारी एका सरांनी प्रिंटर बसवताना टर्मिनलमध्ये ‘सुडो’ लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याचे अधिकार घेऊन, काहीतरी उघडलं होतं. त्यात कुणीतरी सल्ला दिला, की होम फोल्डरमधल्या सगळ्या हिडन, म्हणजे नावाआधी टिंब असलेल्या, फाइली उडवा, नव्या आपोआप तयार होतात. खात्यात दहावीच्या मुलांचे प्रकल्प आहेत, त्यामुळे तुमचा हात धजत नाहीये.

धजला नाही तेच बरं. सल्ला अर्धा खरा आहे, आणि असा अर्धा खरा सल्लाच नुकसान करतो. डेस्कटॉपची मांडणी, पॅनेल, वॉलपेपर असल्या गोष्टींच्या टिंबाच्या फाइली पुन्हा तयार होतात, हे बरोबर. पण त्याच टिंबाआड फायरफॉक्सचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड असतात, थंडरबर्ड वापरत असाल तर सगळी मेल असते, दुसऱ्या मशिनवर लॉगिन करायला कुणी एसएसएच वापरत असेल तर त्याच्या किल्ल्या असतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. फाइलीच्या नावाआधी टिंब आहे म्हणजे ती कचरा, असं नाही. खरं तर ही लपवाछपवी कुणी ठरवून केलेलीच नव्हती. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात ‘एलएस’ या आज्ञेने फाइलींची यादी दाखवताना टिंब (म्हणजे हेच फोल्डर) आणि दोन टिंबं (म्हणजे वरचं फोल्डर) या दोन नोंदी गाळाव्यात म्हणून कुणीतरी झटपट मार्ग काढला: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हा किस्सा लिहिला होता. त्या आळसाची सोय झाली आणि पुढे प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं सामान त्या पडद्यामागे टाकलं. त्यामुळे तिथे रद्दी आणि दागिने एकाच पेटीत आहेत.

आता मूळ दुखणं. पासवर्ड चुकीचा पडतोय, असं हे प्रकरण नाही. खात्री करायची असेल तर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा. ‘चुकीचा पासवर्ड’ असा निरोप आला आणि बरोबर टाकल्यावर तो आला नाही, म्हणजे गेटवरच्या वॉचमनने तुम्हाला आत सोडलंय. आत गेल्यावर खोलीचं दार उघडेना, म्हणून तुम्ही परत गेटवर आलात. दोन्ही वेळा चुकीचाच म्हणत असेल तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. आपल्याकडे मराठी इनस्क्रिप्ट लावलेल्या मशिनवर मी हे कित्येकदा पाहिलंय: पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरी टाइप करतोय हे कळतच नाही.

बाकी मी जे सांगणार आहे ते तुमच्या मशिनला धरून आहे. मिंटमध्ये लॉगिनचा पडदा लाइटडीएम दाखवतो. उबुंटूवर २०१७ पासून, म्हणजे १७.१० या आवृत्तीपासून, ते काम जीडीएम नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे आहे आणि तिथे खाली सांगितलेली एक फाइल होममध्ये नसतेच. म्हणून हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची सिस्टिम वेगळी असेल तर फाइलींची नावं जशीच्या तशी उचलू नका. विचार करायची रीत तेवढी घ्या.

पहिलं काम, खोलीच्या दुसऱ्या दाराने आत जायचं. लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळा पडदा आणि ‘लॉगिन’ असा शब्द येईल. खात्याचं नाव, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, घाबरू नका. परत चित्राच्या पडद्यावर जायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ७. एक सूचना आत्ताच देतो, कारण यावरून मला रात्री अकराला फोन आलेले आहेत: या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. ‘दहावी प्रकल्प’ नावाचं फोल्डर तिथे चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हांत दिसेल. फाइली खराब झालेल्या नाहीत.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. मोठी अक्षरं जिथे लागतील तिथे सांगेन. फाइलीच्या नावात ‘डॉट-’ लिहिलंय तिथे नुसतं टिंब द्यायचं.

आत गेल्यावर लगेच फाइलींना हात घालू नका. आधी ‘डीएफ -एच’ द्या (डिस्क किती भरली ते ही आज्ञा सांगते) आणि तिरप्या रेघेसमोर, म्हणजे मूळ पार्टिशनसमोर, किती टक्के लिहिलंय ते बघा. १०० असेल तर चोर तिथेच सापडला. लॉगिन करताना डेस्कटॉपला तुमच्या होममध्ये दोन-चार बारीक फाइली लिहाव्या लागतात, जागा नसेल तर तो मुकाट बाहेर पडतो. तरी मशिन सुरू होतं, काळ्या पडद्यावर लॉगिनही होतं, कारण ईएक्सटी४ प्रकारच्या डिस्कवर साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. सिस्टिमची कामं त्या राखीव जागेत चालू राहतात, उपाशी राहतो फक्त वापरणारा. म्हणून डिस्क भरल्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही. एका तालुक्याच्या वाचनालयात मी अर्धा दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो. शेवटी कळलं, की पॅनेलवरचं हवामान दाखवणारं एक खेळणं बिघडलं होतं आणि ते एकच ओळ सेकंदाला शेकडो वेळा ‘डॉट-एक्ससेशन-एरर्स’ या फाइलीत लिहीत होतं. फाइल ३८ जीबीची झाली होती. ती उडवली, मशिन रीस्टार्ट केलं, पाच मिनिटांत विषय संपला. त्या दिवसापासून मी दुसरं काहीही करण्याआधी ‘डीएफ’ बघतो.

जागा आहे म्हणता? मग दुसरी चाचणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एक नवं कोरं खातं उघडायचं. काळ्या पडद्यावरच ‘सुडो अ‍ॅडयूजर चाचणी’ (नाव इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत), पासवर्ड द्या, बाकीच्या प्रश्नांना नुसतं एंटर. मग एफ७वर जाऊन या नव्या खात्याने लॉगिन करा. डेस्कटॉप उघडला, तर मशिन, ड्रायव्हर, लाइटडीएम सगळे निर्दोष सुटले आणि बिघाड ‘लॅब’च्या होममध्येच आहे हे पक्कं झालं. या एका चाचणीने शोधाची जागा अर्ध्याहून कमी होते. नवं खातंही तसंच गेटवर परतलं, तर टिंबाच्या फाइलींशी तुमच्या दुखण्याचा काही संबंध नाही आणि त्या उडवून फक्त नुकसान झालं असतं. तेव्हा ‘एलएस -एलडी /टीएमपी’ देऊन बघा. पहिल्या अक्षरसमूहाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ हवा. तो नसेल तर कुणीतरी त्या फोल्डरच्या परवानग्या बिघडवल्यात, ‘सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी’ने त्या जागेवर येतात. तेही ठीक असेल तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, खास करून अपडेटनंतर दुखणं सुरू झालं असेल तर. त्यात आज शिरत नाही, कारण तुमची लक्षणं मला तिकडची वाटत नाहीत.

नव्या खात्याचा आणखी एक फायदा. मिंट १९मध्ये एका खात्याचं होम दुसऱ्या खात्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. त्यामुळे ‘चाचणी’मधून फाइल मॅनेजरने सरळ ‘लॅब’चं होम उघडा आणि मुलांचे प्रकल्प पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पुढचं सगळं त्यानंतर. एकदा ती कॉपी खिशात आली, की हात थरथरत नाही. मात्र मिंट बसवताना ‘होम फोल्डर एन्क्रिप्ट करा’ या खुणेवर कुणी टिक केली असेल, तर ते फोल्डर उघडणारच नाही, किंवा आत प्रकल्पांऐवजी फक्त एक-दोन अनोळखी फाइली दिसतील. तसं झालं तर तिथेच थांबा. ‘डॉट-ईक्रिप्टएफएस’ आणि ‘डॉट-प्रायव्हेट’ या दोन नोंदींना चुकूनही हात लावू नका, त्या फोल्डराच्या कुलपाच्या आहेत. आणि रूटकडून पासवर्डही बदलू नका. पासवर्ड बदलेल, पण कुलूप जुन्याच पासवर्डला ओळखत राहील.

आता तुमच्या केसवर. सरांनी शनिवारी सुडो लावून काहीतरी उघडलं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. मिंट १९ ज्या उबुंटू १८.०४वर उभं आहे, तिथे सुडोने चालवलेला प्रोग्रॅम स्वतःला रूट समजतो, पण घर मात्र तुमचंच वापरतो. म्हणजे सुडो लावून फाइल मॅनेजर किंवा टेक्स्ट एडिटर उघडला, की तो आपल्या सेटिंगच्या फाइली तुमच्या होममध्ये लिहितो आणि त्यांवर मालक म्हणून रूटचं नाव टाकतो. भाडेकरूच्या कपाटाला मालकाने कुलूप लावून किल्ली घरी नेल्यासारखं. (उबुंटूने १९.१०पासून हे बदललं, तिथे सुडो रूटचं घर वापरतो. पण तुमची आवृत्ती त्याआधीची.)

काळ्या पडद्यावर ‘लॅब’ म्हणून असताना ‘एलएस -एलए’ द्या. प्रत्येक ओळीत सुरुवातीच्या अक्षरांनंतर एक आकडा, मग दोन नावं असतात: मालक आणि गट. सगळीकडे ‘लॅब लॅब’ हवं. अपवाद एकच, दोन टिंबांची ओळ. ती वरच्या फोल्डरची, तिथे ‘रूट रूट’च बरोबर आहे. ती सोडून कुठेही ‘रूट रूट’ दिसलं, आणि त्यातही ‘डॉट-एक्सऑथॉरिटी’ किंवा ‘डॉट-आयसीईऑथॉरिटी’ या नावांसमोर दिसलं, की समजा सापडलं. (पहिल्या नावात फक्त एक्स मोठा, दुसऱ्यात आय, सी, ई ही तीन अक्षरं मोठी.)

एक्सऑथॉरिटी म्हणजे चित्राच्या पडद्याचा गेटपास. प्रत्येक लॉगिनला लाइटडीएम त्यात १२८ बिटांचा एक गुप्त आकडा लिहितो, आणि जो प्रोग्रॅम तो आकडा दाखवेल त्यालाच स्क्रीनवर खिडकी उघडता येते. फाइलीचा मालक रूट झाला, तर तुमचे प्रोग्रॅम पास वाचू शकत नाहीत. पास नाही, खिडकी नाही. पॅनेल उघडत नाही, डेस्कटॉप उघडत नाही, सेशन संपतं, तुम्ही परत गेटवर. आणि काळ्या पडद्याला खिडक्याच नसतात, म्हणून तिथे पास लागत नाही आणि लॉगिन सुखाने होतं.

उपाय एका ओळीचा: ‘सुडो सीएचओन -आर लॅब:लॅब /होम/लॅब’. सीएचओन म्हणजे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. त्यातला आर मोठा. होममधलं सगळं तुमचंच असायला हवं, त्यामुळे पूर्ण पत्ता देऊन एकदाच सगळ्याची मालकी परत घ्यायला हरकत नाही. पण पूर्ण पत्ता देऊनच. बऱ्याच ठिकाणी याच आज्ञेच्या शेवटी टिंब आणि चांदणी असं लिहायला सांगतात, म्हणजे ‘टिंबाने सुरू होणारं सगळं’. टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे बॅश, त्याच्या ५.२च्या आधीच्या आवृत्त्यांत त्या ‘सगळ्या’त दोन टिंबंही येतात, आणि दोन टिंबं म्हणजे वरचं फोल्डर. एकच खातं असेल तर निभावून जातं. वीस विद्यार्थ्यांची वीस खाती असलेल्या मशिनवर हीच ओळ दिली, की विसांच्या विसांची घरं एकाच्या नावावर होतात. मी ती दिली होती. तेव्हा मी नवा होतो आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

मालकी परत घेतली की एफ७वर जाऊन लॉगिन करून बघा. माझा अंदाज, इथेच काम होईल आणि एकही फाइल उडवावी लागणार नाही.

नाहीच झालं, तर मग फाइलींच्या आतल्या मजकुराकडे वळायचं. इथे माझा नियम एकच आहे: उडवायचं नाही, नाव बदलायचं. ‘एमव्ही’ने फाइलीच्या नावाला ‘-जुनं’ असं शेपूट लावा (तेही इंग्रजी लिपीत). प्रोग्रॅमला जुन्या नावाने फाइल सापडत नाही, तो नवी करतो. दोष दुसरीकडे निघाला तर पुन्हा नाव बदलून होतं तसं करता येतं. आणि हे सगळं डेस्कटॉपवर लॉगिन नसताना, काळ्या पडद्यावरूनच. चालू डेस्कटॉपची सेटिंगं स्मरणात असतात. आपण खालून फाइल सरकवली तरी तो जाता जाता तीच सेटिंगं परत लिहून टाकतो, आणि आपण म्हणतो रीसेट करूनही फरक पडला नाही.

क्रम असा. आधी एक्सऑथॉरिटी आणि आयसीईऑथॉरिटी. या दोघी प्रत्येक वेळी नव्या होतात, यांत जपण्यासारखं काही नाही. मग ‘डॉट-कॅश’मधलं ‘सेशन्स’ फोल्डर. मागच्या वेळी कुठल्या खिडक्या उघड्या होत्या ते एक्सएफसीई त्यात लिहून ठेवतं, आणि मशिन धाडकन बंद पडलं असेल तर तिथली नोंद अर्धवट राहून दर लॉगिनला तोच प्रोग्रॅम कोसळत राहू शकतो. आपल्याकडे वीज जाते, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी नाही. पुन्हा लॉगिन करून बघा.

त्यानंतर ‘डॉट-प्रोफाइल’ आणि असेल तर ‘डॉट-एक्सप्रोफाइल’. यांची गंमत अशी, की काळ्या पडद्यावर प्रोफाइल वाचतो बॅश, आणि डेस्कटॉपवर जाताना वाचतो डॅश नावाचा त्याचा काटकसरी भाऊ. बॅशला चालणारी एखादी लिहिण्याची लकब डॅशला समजत नाही, तो तिथेच वाचन थांबवून बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर तुमचं सेशनही. जावा किंवा पायथन बसवताना कुणी इंटरनेटवरून दोन ओळी प्रोफाइलमध्ये चिकटवल्या असतील तर हे होतं. मूळ कोरी प्रत ‘/ईटीसी/स्केल’ (एस, के, ई, एल) या फोल्डरमध्ये असते, नवं खातं उघडताना तिथूनच फाइली येतात. तुमच्या प्रोफाइलचं नाव बदला आणि ती कोरी प्रत होममध्ये कॉपी करा. ‘डॉट-बॅशआरसी’वर लोक उगाच राग काढतात, या दुखण्यात ती बहुतेकदा निर्दोष असते, कारण डॅश ती उघडतच नाही.

सगळ्यात शेवटी ‘डॉट-कॉन्फिग’, आणि तेही सबंध नाही. आधी फक्त त्याच्या आतलं ‘एक्सएफसीई४’ हे फोल्डर बाजूला सरकवा. पॅनेल, मेन्यू, वॉलपेपर मूळ अवस्थेत येतील, एवढंच. तरी नाही सुटलं, तर कॉन्फिगमधलंच ‘डीकॉन्फ’, ज्यात इतर प्रोग्रॅमांची सेटिंगं असतात. सबंध कॉन्फिग सरकवायची वेळ माझ्यावर क्वचित आली आहे. आली, तर लक्षात ठेवा की क्रोम आणि क्रोमियमची सगळी प्रोफाइल, लिबरऑफिसची सेटिंगं त्याच्याच पोटात असतात. लॉगिन झालं की ती फोल्डरं जुन्यातून नव्यात परत आणायची, एकेक करून. दोन-दोन, चार-चार आणलीत तर बिघाड पुन्हा आल्यावर कुणामुळे आला ते कळणार नाही. ‘डॉट-मोझिला’, ‘डॉट-थंडरबर्ड’, ‘डॉट-एसएसएच’, ‘डॉट-लोकल’च्या आतलं ‘कीरिंग्ज’, यांच्या वाटेला जायचं कारणच नाही. ते लॉगिन अडवत नाहीत.

डीकॉन्फ सरकवलंत तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शाळेत गोंधळ उडेल. मराठी टायपिंग जाईल. मराठी टाइप करू देणाऱ्या आयबस या प्रोग्रॅममध्ये कुठल्या भाषा आणि कुठले कीबोर्ड लावलेत याची नोंद त्या डीकॉन्फमध्ये असते, त्यामुळे लॉगिन सुटेल आणि दुसऱ्याच तासाला कुणीतरी ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून येईल. बिघडलेला नाही, आयबसच्या प्रेफरन्समध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट पुन्हा जोडा. आयबस मुळात सुरूच होत नसेल, तर होममध्ये ‘डॉट-एक्सइनपुटआरसी’ शिल्लक आहे का बघा. घाईत तीही सरकवली गेली, की इनपुट मेथड निवडण्याची खिडकी उघडून तिथे आयबस पुन्हा निवडावा लागतो.

आणखी एक, थोडं विषय सोडून. मिंट १९.३ डिसेंबर २०१९ची आहे आणि तिचे अपडेट एप्रिल २०२३मध्ये बंद झाले. मिंटच्या उबुंटूवर उभ्या असलेल्या पुढच्या आवृत्त्या ३२-बिट मशिनसाठी निघाल्याच नाहीत, त्यामुळे तुम्ही अजून तिथे का आहात हे मला कळतं. पण पीसीचा प्रोसेसर खरंच ३२-बिट आहे का, की कुणीतरी २ जीबी रॅम बघून ३२-बिट टाकलंय, हे ‘एलएससीपीयू’ देऊन बघा. ‘सीपीयू ऑप-मोड’च्या ओळीत ६४ दिसलं, तर नव्या मिंटचा विचार सुट्टीत करता येईल. आत्ता लॉगिन सोडवू.

सरांना मात्र सांगा, की खिडकी उघडणारा प्रोग्रॅम सुडोने चालवू नका. सिस्टिमची फाइल बदलायची असेल तर टर्मिनलमधला ‘नॅनो’ आहे. प्रिंटरसाठी तर सुडोची गरजच पडायला नको, मिंटच्या प्रिंटर्सच्या खिडकीतून तो जोडता येतो, ती हवा तेव्हा पासवर्ड स्वतःच विचारते.

आज संध्याकाळी शाळा सुटल्यावर एवढंच करा: एफ३, ‘डीएफ -एच’, नवं खातं, आणि ‘एलएस -एलए’. तिन्हींचा पडदा फोनने टिपून इथे टाका. ‘एलएस’ची यादी लांब असेल आणि वर सरकून जात असेल, तर आज्ञेनंतर एक उभी रेघ आणि ‘लेस’ लिहा, पानापानाने दिसेल. बाहेर पडायला ‘क्यू’. ‘रूट रूट’ कुठे आहे ते मी फोटोवर खूण करून सांगतो, मग सीएचओन द्या. तोवर कुणालाही रीसेट मारू देऊ नका, आणि पेनड्राइव्ह घरी न्या.